दोघींचा एक वाटा

सोलापुरात सात रस्त्याच्या एका अंगाला, हाशमच्या सायकल दुकानाला लागून, एक टेबल आणि दोन बाकडी मावतील एवढी खोली होती. तिथं चनबसप्पा कलशेट्टी बसायचा. धंदा अर्जनविसाचा. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा येतं पण कचेरीला पटेल असं येत नाही, त्यांचे अर्ज तो लिहून द्यायचा. आधी रेशनकार्डाचे, बदलीचे, नळाचे, सगळेच अर्ज लिही. पण वीस वर्षांत त्याच्या बाकड्यावर एकाच तऱ्हेची माणसं जास्त दिसू लागली. घरातलं कुणीतरी नुकतंच गेलेलं, सुतक आत्ता कुठं फिटलेलं, आणि मागं राहिलेलं शेत किंवा घर कुणाच्या नावावर चढायचं ते कळेनासं झालेलं.

कचेरीच्या आवारातले बाकीचे अर्जनवीस अशा माणसाला पहिल्यांदा विचारत, "मृत्यूचा दाखला आणलाय का?" चनबसप्पा माठातलं पाणी द्यायचा आणि विचारायचा, "माणूस कसा होता हो?"

या एका प्रश्नानं सगळा घोळ व्हायचा. कुणी तोंडात पदर कोंबून रडायचं. कुणी सांगू लागलं की थांबायचं नाव नाही. म्हातारा बैलाशी भांडायचा, म्हातारी लपून विडी ओढायची, असलं काय काय निघायचं आणि रडणारी माणसंच हसायला लागायची. चनबसप्पाही हसायचा. त्याचं हसणं असं दणदणीत की शेजारी पंप मारणारा हाशम हात थांबवून ओरडायचा, "अप्पा, क्या हुआ? मेरे कू भी बोलो!" एवढं झालं की मग पेनाचं टोपण निघायचं. तोवर माणसाचा जीव हलका झालेला असे, आणि खरी नावं, खरी नाती आपोआप बाहेर येत.

त्याची आणखी एक रीत होती. कागद मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय तो कुणाचा अंगठा उठू देत नसे. ही रीत कुठून आली ते फक्त हाशमला ठाऊक होतं. चनबसप्पा अक्कलकोटकडच्या खेड्यातला. अकरा वर्षांचा असताना बाप गेला. आई सावित्रम्मा, तिला कानडीशिवाय बोलणं येत नव्हतं. चुलत्यानं एक मराठी कागद पुढं केला, शेतसाऱ्याचा आहे म्हणाला, आणि तिनं अंगठा उठवला. शेत गेलं. चनबसप्पाला कानडी अक्षरं येत होती, मराठी येत नव्हती. पुढं सोलापुरात येऊन तो मराठी शिकला ते असा की कारकून त्याचा अर्ज न वाचता, नुसतं अक्षर बघून पुढं पाठवत. चुलत्याबद्दल त्यानं कधी वाईट शब्द काढला नाही. फक्त अंगठ्याची ही रीत पक्की धरली.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी होऊन महिना झाला होता. एका सकाळी बजाबाई आली. तिला तो ओळखत होता. रस्ता ओलांडून पलीकडच्या बोळात तिची खानावळ होती, एस.टी.चे ड्रायव्हर, कंडक्टर आणि गिरणीतले कामगार तिच्याकडं जेवायला असत. तिचा नवरा हिंदुराव गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. निवृत्त झाल्यावर तो खानावळीतच बसायचा, आणि चार महिन्यांपूर्वी चनबसप्पाला त्यानंच बळंबळं दोन भाकरी जास्त वाढल्या होत्या.

"गेलं ओ अप्पा," ती म्हणाली. "बसल्या बसल्या गेलं. आन् पुतण्या आला, ट्रकात घालून गावाला घेऊन गेला. मला म्हनला, तू येऊ नगंस, तितं आमची मानसं हायत. मला माती सुदिक टाकू दिली न्हाय."

चनबसप्पानं पाणी दिलं. माणूस कसा होता हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं विचारलंच.

"लई गोडबोल्या," बजाबाई म्हणाली आणि रडता रडता हसली. "आमटी खारट झाली तरी म्हनायचं, आज समुद्र बघितला."

खानावळीचं घर हिंदुरावाच्या नावावर होतं, ते तिला आपल्या नावावर करून घ्यायचं होतं. चनबसप्पानं विचारलं, "मूलबाळ?"

"न्हाय."

"दुसरं कुणी? आई? आणखी बायको?"

बजाबाईनं मान खाली घातली. "हाय एक. गावाकडची. माझ्या आदीची. म्या कदी बघितलेली न्हाय."

तेहतीस वर्षं एका नवऱ्याच्या दोन बायका, आणि एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. चनबसप्पानं पेन खाली ठेवलं. "तिचं नाव घातल्याशिवाय अर्ज होणार नाही, बजाबाई. खोटं मी लिहीत नाही. दोन दिवस थांबा, मी विचार करतो."

विचार करायला दोन दिवस मिळालेच नाहीत. दुसऱ्याच दिवशी दुपारी धोतर-टोपीतला एक तिशीचा गडी आणि त्याच्यामागं उंच, काटक, पांढऱ्या केसांची बाई अशी दोघं आली. गड्याच्या हातात दुसऱ्याच कुणी लिहिलेला कागद तयार होता.

"मी भीमा. नातेपुत्याचा. गावात भावकी आडवी येती म्हनून हितवर आलो," तो म्हणाला. "ही माजी चुलती रंभाबाई. चुलता वारला, पोटी प्वार न्हाय. कागुद लिवलेलाच हाय, तुमी फकस्त साक्षीदार म्हनून सही करा आन् हिचा अंगठा घ्या."

चनबसप्पानं कागद वाचला. मयत हिंदुराव यांना रंभाबाई ही एकच पत्नी. खाली, तिनं आपली पाच एकर जमीन पुतण्या भीमा याला राजीखुशीनं लिहून दिली आहे.

"मी वाचून दाखवतो," तो म्हणाला.

"कशापायी? तिला ठावं हाय समदं."

"ठावं असलं तर ऐकायला काय हरकत?" आणि त्यानं खणखणीत आवाजात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलं.

रंभाबाई ऐकत होती. वाचून झालं तेव्हा तिनं भीमाकडं पाहिलं. "भीम्या, शेत देते आसं म्या कवा म्हनले रं? तू तर म्हनलास, माझ्या नावावर चडवायचं हाय."

"काकी, तुजं वय झालं. तुज्याच्यानं काय व्हतंय आता?"

"काल ज्वारीतलं तण कुनी काडलं? तुज्या बायकूनं?"

भीमा तो कागद हिसकावून चालता झाला. चुलती मागून येईल असं त्याला वाटलं असावं. ती आली नाही. ती बाकड्यावर ऐसपैस बसली, पाणी मागून प्याली आणि म्हणाली, "आता तुमी सांगा, अप्पा. खरं काय हाय त्ये सांगा."

चनबसप्पानं सांगितलं. छप्पन सालच्या कायद्यानं बायको वारस होते, पुतण्या नाही. पण बायका दोन असतील तर दोघींना मिळून एक वाटा. दुसरं लग्न सेहेचाळीस सालाच्या आधी झालं असेल, तर ते सरकार मानतं. म्हणजे शेतातही दोघी आणि सोलापूरच्या घरातही दोघी.

"तिच्यासंगं एक वाटा?" रंभाबाई ताडकन उठली. "जलमभर नवरा वाटून घेतला, आता बांधसुदिक वाटू व्हय?" ती दारापर्यंत गेली, थांबली, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "कुटं ऱ्हाती ती?"

चनबसप्पानं सांगायला नको होतं, पण खोटं बोलायची सवय नव्हती. त्यानं बोळ दाखवला. रंभाबाईनं अंगाभोवती चादर घट्ट लपेटली आणि ती रस्ता ओलांडू लागली. चनबसप्पानं टेबलावरचे कागद तसेच टाकले. "हाशम, चल!" "अप्पा, पंचर आधा हुआ है!" "राहू दे पंक्चर. इथं खून होईल!"

दोघं धावत खानावळीत पोचले तेव्हा पंगत भरात होती. रंभाबाई ड्रायव्हरांच्या ओळीत पाटावर बसली होती. बजाबाई वाढत होती. पुढ्यात कोण बसलंय हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं कडक भाकरी वाढली, आमटी वाढली, शेंगाची चटणी वाढली. रंभाबाईनं चटणी चिमटीत धरली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

"ह्या शेंगा कुटल्या?"

"नातेपुत्याच्या. मालक आनायचं."

"ह्या म्या फोडल्यात," रंभाबाई म्हणाली. "दर साली पोतं भरून नेयाचे. म्हनायचे, गिरणीतल्या मानसांना लई आवडत्यात. बाई, माजी नखं गेली फोडून फोडून!"

पंगतीतले हात थांबले. बजाबाईच्या हातातल्या पळीचं टोक खाली आलं. ती समोरच्या बाईकडं पाहत राहिली, मग तिची नजर चादरीवर गेली. विटकरी रंगाची, काठाला काळी नक्षी.

"ही चादर म्या काडली दुकानात," ती हळूच म्हणाली. "ते हिरवी घेत हुते. म्या म्हनले, शेतातली बाई हाय, हिरवी लगेच मळंल, मळखाऊ रंग घ्या. दर संक्रांतीला एक निवडून द्यायची म्या."

"तू निवडायचीस?"

"व्हय, आक्का."

तो 'आक्का' कानावर पडला आणि चनबसप्पानं श्वास सोडला. एक ड्रायव्हर उठून हात धुवायला निघाला तर हाशमनं त्याला खाली दाबलं. "बैठ ना मियाँ, खाना खा."

रंभाबाई ताटावरून उठली नाही. भाकरीचा तुकडा मोडत ती बोलू लागली. "दहाव्याला कावळा शिवंना. लई येळ झाला. भीम्या म्हनला, शेत सांबाळतो, न्हाय शिवला. भावकीनं मला म्हातारीला सांबाळू म्हनलं, न्हाय शिवला. समदी ऊनात उबी. मग म्या मनातल्या मनात म्हनले, सोलापूरच्या बाईला अंतर देनार न्हाय. डोळा लवायच्या आत खाली आला मेला आन् पिंडच घेऊन गेला." तिनं तुकडा आमटीत बुडवला. "तवापासनं मला लई राग हाय. मरताना बी तुजीच काळजी."

बजाबाई तिच्यापुढं जमिनीवर बसली आणि ढसढसा रडली. माती टाकायला मिळाली नाही त्याचं सगळं रडू त्यात आलं. रंभाबाईनं उष्टा हात बाजूला धरला आणि दुसऱ्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं. मग म्हणाली, "उट आता. आमटीत मीठ जास्त झालंय तुज्या."

"आज समुद्र बघितला म्हना की," बजाबाई म्हणाली, आणि दोघी एकदम हसल्या. कारण ते वाक्य नातेपुत्यालाही तीस वर्षं चाललं होतं.

रंभाबाई त्या रात्री गावी गेली नाही, पुढचे तीन दिवसही नाही. चौथ्या दिवशी दोघी मिळून चनबसप्पाकडं आल्या. अर्ज त्यानं मन लावून लिहिला आणि वाचून दाखवला. 'मयतास दोन पत्नी असून दोघी मिळून वारस आहेत,' हे वाक्य रंभाबाईनं दोनदा वाचायला लावलं. पहिल्यांदा समजायला, दुसऱ्यांदा आवडलं म्हणून.

घराचं काम लवकर झालं. शेताचं अडलं. तलाठ्यानं नोटीस लावताच भीमानं हरकत घेतली: सोलापूरची बाई लग्नाची नाही, ठेवलेली आहे. सर्कल इन्स्पेक्टरसमोर सुनावणी नातेपुत्याच्या चावडीत ठरली. बजाबाईकडं पुरावा काहीच नव्हता. लग्न लावणारा भटजी गेलेला, भाऊ गेलेला. तिचा धीर सुटला. "अप्पा, तुमी या संगट," एवढंच ती म्हणाली.

चनबसप्पा कधी कुणाच्या गावी गेला नव्हता. हजारो एकर जमीन त्यानं गट नंबरासकट कागदावर उतरवली होती, पण त्यातल्या एकाही तुकड्यावर पाय ठेवला नव्हता. खोलीला कुलूप घालून तो अकलूजवरून जाणाऱ्या एस.टी.त चढला. खिडकीशी बसून तो वाटभर बाहेर बघत होता. कालव्याचं पाणी, उसाचे फड, कणसं भरलेली ज्वारी. "किती मोठं असतं हो एक एकर! मी विसरूनच गेलो होतो!" तो बजाबाईला म्हणाला, आणि सगळी गाडी मागं वळून बघेपर्यंत हसला.

चावडीत गाव लोटलं होतं. सर्कल तरुण होता, नेमका बोलायचा. भीमानं आपलं म्हणणं मांडलं. बजाबाईनं पदरात बांधून आणलेली लग्नातली पोत पुढं धरली तसा भीमा म्हणाला, "ही बाजारात मिळती, सायेब."

तेव्हा रंभाबाई उठली. "ती ठेवलेली न्हाय. लग्नाची हाय. म्या सांगते."

"तुम्ही लग्नाला होता?" सर्कलनं विचारलं.

"सवतीच्या लग्नाला अक्षता टाकाया कोन जातं व्हय, सायेब?"

चावडीत हशा पिकला. सर्कलनं पेन आडवं धरून ओठ झाकले. "मग तुम्हाला माहीत कसं? आणि कुठल्या साली?"

"त्येंनी सोता येऊन सांगितलं. सोलापुरात लगीन करून आलो म्हनले. म्या चार दिस चूल पेटवली न्हाय, का बोलले न्हाय. पाचव्या दिशी म्हनले, काय करू म्हंजे तू बोलशील? म्या म्हनले, हीर खना. वड्यावरनं घागरी आनून माजी मान मोडलीया. त्याच उन्हाळ्यात हीर खनली. माज्या रुसव्याची हीर हाय ती, सायेब. दगडावर साल कोरलंय. चला, दावते."

सर्कल उठला, त्याच्यामागं तलाठी, भीमा आणि अख्खी चावडी. बांधाबांधानं वरात निघाली. विहिरीच्या काठाला, मोटेच्या धावेजवळ, एक चौकोनी दगड बसवलेला होता. त्यावर शेवाळ साचलं होतं. बजाबाईनं पदराचं टोक भिजवून तो पुसला. चनबसप्पा गुडघ्यांवर बसला, चष्मा वर ढकलला आणि त्यानं आयुष्यात वाचला नव्हता इतक्या मोठ्यानं वाचला: "शके अठराशे त्रेसष्ट! त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा साहेब. एकोणीसशे एक्केचाळीस. कायद्याच्या पाच वर्षं आधी!"

सर्कलनं स्वतः वाकून आकडे पाहिले. मग आपल्या वहीत लिहिलं आणि भीमाला म्हणाला, "पहिली बायकोच दुसरीची साक्षीदार. याहून मोठा पुरावा मला तरी आणता येणार नाही." हरकत फेटाळली गेली. फेरफार मंजूर झाला.

भीमा विहिरीच्या कडेला एकटा उभा होता. सगळं गाव हसत होतं आणि त्याला कुठं बघावं कळत नव्हतं. रंभाबाईनं त्याला हाक मारली. "हिकडं ये रं, भीम्या. नांगर तूच धर. बटईनं कर, अर्धं तुजं, अर्धं आमचं. पर कागुद न्हाय. आन् पुन्यांदा हिला ठेवलेली म्हनलास तर ह्याच हिरीत ढकलीन."

भीमानं मान हलवली. मग आधी थोरल्या चुलतीच्या आणि थोडं थांबून धाकटीच्याही पाया पडला. बजाबाईनं त्याच्या हातावर चटणीची पुडी ठेवली. ती सोबत डबा भरून घेऊन आली होती.

हुरड्याचे दिवस होते. कुणीतरी आगटी पेटवली, कणसं भाजली, आणि सुनावणीला आलेली माणसं तिथंच गोल करून बसली. रंभाबाई तळहातावर कणसं चोळून गरम हुरडा एकेकाच्या हातात देत होती. सर्कलनंही घेतला. चनबसप्पानं तर इतका खाल्ला की उठवेना. तो बांधावर बसून राहिला. जवळचं एक ढेकूळ उचलून त्यानं हातात फोडलं. काळी, ओलसर माती होती. त्यानं ती बराच वेळ बोटांनी कुस्करली आणि परतीच्या गाडीत बसेपर्यंत हात धुतले नाहीत.

पुढच्या वर्षभरात दोघींनी आपापली सोय लावून घेतली. पेरणीला आणि सुगीला बजाबाई गावी जायची. तिला खुरप्यानं धड चार काकऱ्याही जमायच्या नाहीत, पण बायांना जेवू घालायला ती पुरी पडायची. पावसाळ्यात रंभाबाई सोलापूरला येऊन राहायची. खानावळीत ती कधी वाढत नसे. दारात बसून कोण किती भाकरी खातो ते मात्र बघे, आणि कमी खाणाऱ्याला चारचौघांत झापत असे. त्यामुळं गिऱ्हाईक वाढलं.

शहात्तरच्या संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा दोघींनी चनबसप्पाला आणि हाशमला जबरदस्तीनं ओढून नेलं. मैदानात धूळ, पिपाण्या, भजी तळल्याचा वास आणि मधोमध आभाळाला भिडलेला पाळणा. रंभाबाई त्याच्याकडं मान वर करून बघत राहिली.

"म्या बसनार," ती म्हणाली.

"आक्का, चक्कर यील. साठीला आलाव तुमी."

"तू चल संगट. एकटी न्हाय बसत म्या."

दोघी एका पेटीत बसल्या. पाळणा हलला, वर चढला, आणि वरून रंभाबाईची अशी किंकाळी आली की खाली फुगे विकणारा दचकला. पेटी खाली आली तेव्हा तिनं बजाबाईला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, डोळे मिटलेले, आणि बजाबाई हसून हसून वाकडी झाली होती. पाळणा परत वर गेला. "रोकने कू बोलूं क्या, अप्पा?" हाशमनं विचारलं.

चनबसप्पाला बोलता येत नव्हतं. तो पोट धरून हसत होता आणि हातानंच, नको, चालू दे, चालू दे, असं सांगत होता.